शाल नको, हॉल द्या

मी बास्केटबॉलमधून निवृत्त झाले ही बातमी मला माइकवरून कळली. कॅनडातल्या विंडसरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसला होता, मी आईची पैठणी नेसून खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि अध्यक्ष काकू आपल्या गोड आवाजात सांगत होत्या की मंडळाच्या लाडक्या कन्येनं खेळातून निवृत्ती घेतल्याबद्दल आज शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार होणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या. मग डोक्यात प्रकाश पडला, अरे, ही कन्या म्हणजे मीच की!

आता कोणी म्हणेल, सत्कारच केला ना, शिव्या तर नाही दिल्या. त्यांना सांगते, थांबा जरा. पूर्ण ऐका आणि मग बोला.

नागपूरहून आम्ही विंडसरला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी जे घर घेतलं त्याच्या ड्राइव्हवेवर, म्हणजे गॅरेजसमोरच्या फरशीवर, आधीच्या मालकानं बास्केट ठोकून ठेवली होती. ती काढायला शिडी लागणार होती आणि बाबांकडे शिडी नव्हती. एवढ्यावर माझं करिअर उभं राहिलं. बर्फ फावड्यानं उपसून झाला की मी त्याच ड्राइव्हवेवर बॉल आपटत बसायची, आणि शेजारच्या घरातून कोणी तक्रार केली की आई मोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी भांडायची. भांडण आईकडून माझ्याकडे आलं, हे आई कधी मान्य करत नाही.

तेराव्या वर्षी मी बाबांच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागले. तेव्हापासून मी मंडळाची शिडी. आकाशकंदील लावायचाय, तोरण बांधायचंय, बॅनरची एक बाजू सुटलीय, की हाक यायची, "अगं शिडी कशाला आणता, ही आहे की!" आणि कंदील लावून मी खाली बघेपर्यंत त्याच बायका एकमेकींना म्हणत असायच्या, हिच्यासाठी नवरा काय ऑर्डर देऊन बनवून घ्यायचा? मी एकदा म्हटलं, काकू, काळजी करू नका, हार घालताना मी वाकीन. त्यानंतर माझं नाव उद्धट म्हणून पक्कं झालं. बरंच झालं. उद्धट माणसाला लोक कमी सल्ले देतात.

युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळले आणि मग खेळण्याचा पगार घ्यायला लागले. कॅनडात तेव्हा बायकांची व्यावसायिक लीग नव्हतीच, त्यामुळे सप्टेंबरात बॅग भरायची आणि युरोप गाठायचं. जर्मनीत खेळले, पोलंडमध्ये खेळले. मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी आणि बाकी चौघींना कुठे पळायचं ते ओरडून सांगणारी. यातलं ओरडणं मला कोणी शिकवावं लागलं नाही. एप्रिलमध्ये घरी आले की मंडळातली माणसं विचारायची, "काय मग, सध्या काय करतेस?" मी सांगायची, खेळते. ती म्हणायची, "हो, ते झालं, पण काम काय करतेस?" दर वर्षी हेच. एकदा एका काकांना मी म्हटलं की तुम्ही दिवसभर कंप्युटरसमोर बसता ते मला माहीतेय, पण काम काय करता? बाबांनी गाडीत बसल्यावर मला चांगलं झापलं, आणि झापताना हसू दाबत होते.

मग एका ऑक्टोबरात, पोलंडमध्ये, एका साध्या उडीनंतर मी खाली उतरले आणि डावा गुडघा गेला. आतून काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. लिगामेंट. क्लबनं परतीचं तिकीट हातात ठेवलं आणि माझ्या जागी दुसरीला घेतलं. मी अठ्ठावीस वर्षांची होते. ऑपरेशन विंडसरला झालं आणि मी आईबाबांच्या बेसमेंटमध्ये येऊन पडले.

आईनं त्या काळात माझं सगळं केलं. पहिले काही दिवस तर अंघोळसुद्धा तिनंच घातली. पाय उशीवर ठेवायचा, बर्फाची पिशवी बदलायची, आणि बदलता बदलता म्हणायचं, "पुरे नं आता. किती खेळशील? एक पाय तर दिलास." मी म्हणायची, दिला नाही, दुरुस्तीला टाकलाय. ती जुनी पिशवी घेऊन वर जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळाभर मी बेसमेंटच्या पायऱ्या चढले-उतरले, उन्हाळा लागला तशी नदीकाठानं पळायला लागले. पलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती, अलीकडे घाम गाळत मी. माझी फिजिओ फार कडक बाई होती, तोंडदेखलं कधी काही बोलायची नाही. ऑगस्टमध्ये तिनं माझा गुडघा चारी बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाली, जा, खेळ. मी तिथेच रडले. लाज कसली त्यात.

पण मला घेणार कोण? ऑपरेशन झालेल्या अठ्ठावीस वर्षांच्या गार्डला कोणी विचारत नाही. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका लहान क्लबची कोच तेवढी फोनवर नीट बोलली. तिनं सांगितलं, मला डॉक्टरचं पत्र नको, पत्रावर सगळ्यांचेच गुडघे बरे असतात. चांगल्या चांगल्या शॉट्सचे तुकडेही नकोत. एक पूर्ण सामना खेळ आणि त्याचं चित्रीकरण पाठव, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे कुठेही न कापता. तू उडी मारून खाली कशी येतेस ते मला बघायचंय. सोमवारपर्यंत आलं तर आलं, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे.

फोन आला बुधवारी. म्हणजे हातात एकच शनिवार-रविवार. मी युनिव्हर्सिटीतल्या जुन्या मैत्रिणींना फोन लावले. एक नर्स झाली होती, एक पोलिसात, एक शिक्षिका, दोघींना पोरं. अशा नऊ जणी, सगळ्या म्हणाल्या, येतो. राहिला हॉल. त्या शनिवार-रविवारी गावातलं एकही जिम मोकळं नव्हतं, आणि माझ्या जुन्या शाळेचं जिम गणपतीसाठी मंडळानं घेतलेलं. सोमवारपासून तिथे फ्लोअरला पॉलिश करणार होते. बाबा मंडळाचं हॉल बुकिंग बघायचे. त्यांनी शब्द टाकला आणि मंडळानं शनिवारची सकाळ मला दिली. दुपारी सजावट सुरू होण्याआधी खेळून घ्या म्हणाले. शूटिंगची पण सोय झाली, मंडळाचे व्हिडिओ काका स्वतःहून तयार झाले. इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण मला तेव्हा काय माहीत!

शनिवारी मी जे खेळले ना, तसं आयुष्यात दोन-तीनदा खेळले असेन. गुडघा आहे की नाही हे विसरले. उडी मारली, उतरले, वळले, पुन्हा पळाले. नर्स, म्हणजे आमची बास्केटखाली उभी राहणारी सगळ्यात उंच मैत्रीण, मला म्हणाली की गुडघा मोडल्यावर तू जास्तच चांगली खेळायला लागलीस की काय. आई खुर्चीवर बसून होती. बाबांनीच तिला बळंबळं आणलं होतं.

संध्याकाळी घरी, दिवाणखान्यात, बाबांनी कॅसेट लावली.

आधी दिसली बॉक्समध्ये गुंडाळलेली गणपतीची मूर्ती. मग स्कोअरबोर्ड, हळूहळू जवळ येत जाणारा. मग मी, बुटाची नाडी बांधताना. नंतर शिट्टी वाजली, बॉल वर गेला, आणि चित्र बंद. चित्र परत आलं तेव्हा स्कोअर बारा-दहा होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. पुन्हा बंद. मग सजावटीच्या थर्माकोलचे खांब उचलून आणणारे काका. मग फळीवर रचलेले पाण्याचे ग्लास. आणि मग आई.

मी काकांना फोन लावला. ते मजेत होते. म्हणाले, "छान आलंय ना? अगं, नुसती धावपळ चालू होती तेव्हा मी बंद ठेवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, काय घ्यायचं त्यात? गोल झाला की लगेच चालू करायचो!" गोल म्हणाले हो! आता त्यांना तरी काय बोलणार? वीस वर्षं त्यांनी मंडळाचे कार्यक्रम असेच शूट केले. स्टेजवर नाच चाललेला असला तरी कॅमेरा बघणाऱ्यांवर, कारण कॅसेटच्या कॉप्या घरोघर जातात, तिथून भारतात आजी-आजोबांकडे, आणि प्रत्येक जण ती बघतो ती स्वतःला शोधायला. त्यांच्या हिशेबानं त्यांनी उत्तम काम केलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण काकांना मी 'थँक्यू' म्हणाले. उद्धट असले तरी इतकी नाही.

बाबा कॅसेट बंद करायला उठले. मी म्हटलं, थांबा.

पडद्यावर आई होती. खेळताना मी बाहेर कोण बसलंय ते कधी बघत नाही, गार्डला ते परवडत नाही. इतक्या वर्षांत आई माझा सामना कसा बघते हे मी पहिल्यांदा बघत होते. ती सामना बघतच नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून धरला होता. डावा. फ्लोअरवर धाडकन कोणी उतरल्याचा आवाज आला की तिचे हात आणखी घट्ट व्हायचे. काकांनी तिला किती वेळ घेतलं होतं देव जाणे, संपतच नव्हतं.

आई माझ्यामागे सोफ्याला धरून उभी होती. म्हणाली, "पाहिलंस नं? आता तू सांग, असं किती वर्षं बसू मी?"

मला इतकं वाईट वाटलं, आणि तेवढाच राग आला. तिचं दुःख मला कळलं, अगदी आतपर्यंत कळलं. पण कळलं म्हणजे पटलं असं होत नाही. गुडघा माझा होता. मी म्हटलं, "मग बसू नकोस. उभी राहा."

ती दुसऱ्या दिवशीच्या मोदकांची तयारी करायला निघून गेली. बाबांनी कॅसेट काढली.

रविवारी पुन्हा खेळायला मैत्रिणी तयार होत्या, संध्याकाळपर्यंत गावातच होत्या. हॉल नव्हता. बाबांनी अध्यक्ष काकूंना फोन करून एक तास मागितला. घड्याळ न थांबवता खेळलं तर पूर्ण सामना तासाभरात उरकतो. काकू म्हणाल्या, कार्यक्रम भरगच्च आहे, एक मिनिट मोकळं नाही, आणि उद्या तुमच्यासाठी सरप्राइज पण आहे. तेव्हा मी मैत्रिणींना म्हटलं, निदान जेवायला तरी या. खेळाचे कपडे गाडीत ठेवा, असंही मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. हातपाय गाळणं माझ्या स्वभावात नाही, एवढंच.

आमच्याकडे कितीही भांडण झालं तरी आरतीची वेळ चुकत नाही. आईनं पैठणी काढून ठेवली होती, मी नेसले. एकमेकींशी न बोलता आम्ही पोचलो. जिमच्या लांब बाजूला शाळेचं कायमचं स्टेज आहे, त्यावर गणपती. खाली कोर्टावर सतरंज्या आणि खुर्च्या. दाराशी चपलांचा ढीग. आरती झाली, लहान मुलांचा नाच झाला, आणि मग माइकवर काकूंनी ते सरप्राइज फोडलं.

मी स्टेजवर गेले. काकूंनी शाल उलगडली. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "काकू, मी निवृत्त झाले हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी हळूच विचारलं होतं, पण माइक समोरच होता. काकूंनी खाली बघितलं, पहिल्या रांगेत. मी पण बघितलं. आई मान खाली घालून पदराचं टोक दुमडत होती.

चारचौघांत कसं वागायचं ते आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हसायचं, शाल घ्यायची, नारळ छातीशी धरायचा, फोटो काढायचा. मला तो फोटो डोळ्यांसमोर दिसला. एकदा का तो निघाला की मी संपले, हे मला ठाम कळलं. पोर्तुगाल राहिलं बाजूला, मी स्वतःच स्वतःवर विश्वास ठेवला नसता.

मी माइक हातात घेतला. "शाल सुंदर आहे," मी म्हटलं. "पण ही ज्या कामासाठी देताय ते अजून झालेलं नाही. घडी घालून ठेवा. मी थांबले की स्वतः मागून घेईन." मागे कोणाचं तरी पोर रडायला लागलं. मी काकूंना विचारलं, "माझ्या सत्काराला किती वेळ ठेवलाय?" काकू इतक्या गोंधळल्या होत्या की त्यांनी खरं सांगून टाकलं, "भाषणं, आणि मग तुझ्या सन्मानार्थ अंताक्षरी. तासभर."

"तो तास मला द्या. शाल नको, हॉल द्या."

गलका झाला. एक काका म्हणाले, ही काय पद्धत? दुसरे म्हणाले, मागतेय तर द्या ना, अंताक्षरीत दर वर्षी त्याच चार बायका गातात! त्या चार बायका उखडल्या. मागे बसलेल्या माझ्या नर्स मैत्रिणीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण शाल परत गेलेली दिसताच ती उठली आणि बॅगा आणायला पार्किंग लॉटमध्ये पळाली. एवढ्यात खरा मुद्दा निघाला. बूट. गणपती बसलेला असताना त्याच्यासमोर बूट घालून नाचणार का? यावर मात्र सगळे गणपतीकडे बघायला लागले. मी पण. कारण ते मलाही पटत होतं.

पूजा सांगणारे गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार बाबांच्याच कारखान्यात मशीनं लावायचे, त्यांनी मला विचारलं, "ते बूट तू रस्त्यावर घालतेस का?" मी म्हटलं, कधीच नाही, कोर्टाचे बूट कोर्टावरच. दाराबाहेर नेतानासुद्धा पिशवीत. ते म्हणाले, "मग झालं तर. स्टेजची पायरी चढायची नाही. देव बघेल खेळ." आणि सतरंज्या गुंडाळायला त्यांनीच पहिला हात लावला.

मी वॉशरूममध्ये पैठणी सोडत होते तेव्हा आई आत आली. पैठणी चुरगळू नये म्हणून आली होती. एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि घडी घालायला लागलो.

"तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

"का?"

"चारचौघांत जाहीर झालं तर तू परत खेळायला जाणार नाहीस, असं वाटलं मला." मग घडीवरून हात फिरवत म्हणाली, "मी तुला ओळखतच नाही की काय."

मी घडी तिच्या हातात दिली आणि बुटांची पिशवी उचलली. बोलले असते तर रडले असते, आणि मला पळायचं होतं.

व्हिडिओ काकांना बाबांनी स्टेजच्या कोपऱ्यात उभं केलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सामना संपेपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही. काका आईकडे वळायला लागले की बाबा खांदा धरून त्यांना सरळ करायचे. कॅसेटवर अधूनमधून बाबांचा आवाज आहे, "पोरीवर. पोरीवर ठेवा."

खरं सांगते, रविवारी मी वाईट खेळले. आदल्या दिवशीच्या खेळानं पाय जड झाले होते, डोकं तापलेलं होतं. दोन सोपे शॉट हुकवले. एकदा बॉल थेट पोलिसातल्या मैत्रिणीच्या हातात दिला, आणि ती समोरच्या टीममध्ये होती. मंडळातल्या ज्या माणसांनी मला सहा वर्षं "काम काय करतेस" विचारलं ती भिंतीला टेकून बघत होती, आणि मी त्यांच्यासमोर धापा टाकत होते. तरी पळत राहिले. थांबून कोणाला खूश करायचं होतं?

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं मी बास्केटकडे घुसले, वर गेले, नर्सच्या खांद्याला धक्का लागला आणि मी हवेतच तिरकी झाले. डाव्या पायावर पडले. सगळं वजन तिथेच. मग कुशीवर, मग पाठीवर.

मी छताकडे बघत पडले होते आणि गुडघ्याला आतून विचारत होते, आहेस का? कळ होती, पण ऑक्टोबरमधली कळ नव्हती. तरी उठायची हिंमत होईना. उठले आणि गुडघा लटकला तर? पडून राहिलं तर निदान कळणार तरी नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती शाल हवीशी वाटली. आणि हे सगळं काकांच्या कॅमेऱ्यात जात होतं, आणि कापता येणार नव्हतं.

"ऊठ नं!"

मी मान वळवली. आई खुर्चीवर नव्हती. ती कोर्टाच्या रेषेवर उभी होती, डोळे टक्क उघडे, पदर खोचलेला, आणि गणपतीसमोर, गुरुजींसमोर, अध्यक्ष काकूंसमोर, शेजाऱ्यांशी भांडायची त्या आवाजात ओरडत होती. "पाहून राहिलीस काय अशी? ऊठ नं! चल, ऊठ!"

मी तशीही उठलेच असते, हे इथे नोंदवून ठेवते. पण लवकर उठले ते तिच्यामुळे. उठले, पाय टेकला, गुडघा टिकला. बॉल मागून घेतला. पुढची पंधराएक मिनिटं मी कशी खेळले ते कॅसेटमध्ये आहे, मला आठवत नाही. आम्ही सामना हरलो. तेही कॅसेटमध्ये आहे. नंतर सगळ्या जणी घामेजलेल्या अवस्थेत पंगतीला बसल्या आणि नर्सनं इतके मोदक खाल्ले की वाढणाऱ्या काकूंनी तिची दृष्ट काढायची बाकी ठेवली.

बाबांनी त्याच दिवशी कॅसेट कंप्युटरवर चढवून पाठवली. सोमवारी कोचचा फोन आला. ती म्हणाली, बाकी खेळ ठीकठाक आहे, वजन कमी कर, उजव्या हातानं फार खेळतेस. मग म्हणाली, पडलीस तो भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला. ज्या पायावर पडलीस, उठताना तोच आधी टेकलास. पंधरा तारखेला ये. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, ती बाई कोण ओरडत होती? मी म्हटलं, माझी आई. ती म्हणाली, तिलाही आण, आमची टीम फार मऊ आहे.

पोर्तुगालला मी आणखी तीन मोसम खेळले. आईनं सामानात मेतकूट, भाजणी आणि गुडघ्याला चोळायचं तेल भरून दिलं. तेलाची बाटली फुटली आणि माझ्या सगळ्या जर्सी मोसमभर तिळाच्या तेलाच्या वासाच्या राहिल्या. ती एकदा सामना बघायलाही आली. बसली नाही, पूर्ण वेळ उभी होती, आणि मागच्या लोकांनी बसायला सांगितलं तर मराठीत भांडली.

मग एका मार्चमध्ये, गुडघा नीट असताना, मी सरावाहून परत येत होते आणि मला वाटलं, झालं आता. कोणी म्हणालं नव्हतं, कुठे दुखत नव्हतं. त्या वर्षी गणपतीत मी माइकवर गेले आणि म्हटलं, काकू, माझी शाल आणा. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती शाल त्यांनी त्याच रविवारी, जेवणं झाल्यावर, व्हिडिओ काकांना देऊन टाकली होती. उत्कृष्ट चित्रीकरणाबद्दल.

पण हे सगळं नंतरचं. त्या मार्चमध्ये मी क्लबला सांगायच्या आधी, कोणालाही सांगायच्या आधी, घरी फोन केला. आईनं उचलला. मी म्हटलं, "आई, पुरे झालं आता. मी थांबतेय."

तिचा तोच भांडायचा आवाज चढला, "कोण म्हणालं पुरे म्हणून? कोच म्हणाली का? कोणी काही बोललं का तुला?"

"नाही गं. मीच म्हणतेय."

"तू स्वतः?"

"हो."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "ये घरी."